बोअरचं मचूळ पाणी ओलिताला चालेल का? खारपाणपट्ट्यातल्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमरावती जिल्ह्यातला दर्यापूर तालुका, म्हणजे खारपाणपट्टा, जिथे भूजल मुळातच खारं आहे. तिथे चार एकर भारी काळी जमीन. दोन वर्षांपूर्वी बोअर घेतला. पाणी भरपूर लागलं, पण चवीला मचूळ. हरभऱ्याला दोन आणि कांद्याला दहा पाळ्या दिल्या. पहिल्या वर्षी पीक बरं आलं. दुसऱ्या वर्षी हरभरा पिवळा पडून वाळला, आणि यंदा जूनच्या पावसानंतर शेतात चार-चार दिवस पाणी उभं राहिलं. पूर्वी असं होत नव्हतं. "टीडीएस 1800 आहे, चालतं," असं दुकानदाराने सांगितलं. (टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये.) प्रयोगशाळेचा रिपोर्ट: क्षारता 2.8 डेसीसायमन प्रति मीटर, सामू 8.6, सोडियम 22, कॅल्शियम 2, मॅग्नेशियम 4, कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून 12, क्लोराइड 14, सल्फेट 2. हे शेवटचे सगळे आकडे मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर. तर हे पाणी पुढे वापरावं का?

भाऊ, सरळ उत्तर आधी देतो. आज वापरताय तसं हे पाणी वापरू नका. कांदा तर या पाण्यावर अजिबात नको. आता कारण सांगतो, आणि ते जरा बैजवार सांगतो, कारण याच प्रश्नाला मी स्वतः एकदा चुकीचं उत्तर दिलं होतं.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते जूनमधल्या साचलेल्या पाण्याचं वाक्य. बहुतेक शेतकरी ते सांगतच नाहीत. हरभरा वाळला हे सांगतात, पानं करपली हे सांगतात, पण पावसाळ्यात पाणी मुरेनासं झालं हा दोष पावसावर टाकून मोकळे होतात. खरं म्हणजे तुमच्या बोअरने जे केलं, ते तिथे दिसतंय.

खाऱ्या पाण्याने दोन वेगवेगळी दुखणी होतात. ती एकत्र करून बोललं की सल्ला चुकतो.

पहिलं दुखणं एकूण मिठाचं. मुळाभोवतीच्या ओलाव्यात क्षार वाढले की पाणी मातीत असूनही मुळाला ते ओढता येत नाही. म्हणून शेत ओलं दिसतं आणि पीक दुपारी मान टाकतं. शेतकऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, तो आणखी एक पाळी देतो, म्हणजे आणखी मीठ देतो. त्यातच क्लोराइड आणि सोडियम पानात साठत जातात. आधी टोक जळतं, मग कडा जळत आत येतात. उगवण आणि रोपावस्था सगळ्यात नाजूक असते. त्यामुळे खाऱ्या पाण्यावर पेरलेल्या शेतात पहिली खूण म्हणजे नांग्या, न उगवलेल्या रिकाम्या जागा. दुसरीकडे, मोठं झालेलं झाड तग धरतं, पण उंची आणि पानांचा आकार लहान राहतो, रंग उलट गडद निळसर हिरवा दिसतो. अनेकजण त्या रंगाला फसतात.

या दुखण्याचे आकडे जगभर वापरले जातात. 1977 साली मास आणि हॉफमन या दोघांनी पिकांची सहनशक्ती एकत्र मांडली. त्यानुसार, आणि पुढे त्यात झालेल्या सुधारणांनुसार, मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पुरती भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची) क्षारता घेवड्याला 1, कांद्याला 1.2, ऊस आणि मक्याला 1.7, टोमॅटोला 2.5, भुईमुगाला 3.2 पर्यंत चालते. गहू 6, ज्वारी 6.8 आणि कपाशी 7.7 पर्यंत झेपवतात. त्या रेषेपलीकडे एकेक अंकाने क्षारता वाढली की कांद्याचं उत्पादन साधारण 16 टक्क्यांनी आणि कपाशीचं 5 टक्क्यांनी घटतं. साधा ठोकताळा असा की बऱ्यापैकी निचरा असलेल्या जमिनीत मातीची क्षारता पाण्याच्या दीडपट होते. तुमचं पाणी 2.8, म्हणजे माती 4.2. कांद्याच्या रेषेच्या 3 अंक वर. जवळजवळ निम्मं उत्पादन तिथेच गेलं. आणि तुमच्या जमिनीत निचरा बऱ्यापैकी नाही, म्हणजे प्रत्यक्ष आकडा याहून वाईट असणार.

इथे एक खबरदारी. आपल्या माती परीक्षणाच्या कार्डावर जी क्षारता लिहिलेली असते ती बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणातली असते. ती वरच्या आकड्यांशी थेट ताडून बघू नका. भारी काळ्या जमिनीत संपृक्त अर्काचा आकडा कार्डावरच्या आकड्याच्या साधारण तिप्पट धरा, हलक्या जमिनीत त्याहूनही जास्त. कार्डावर 1.2 बघून "ठीक आहे" म्हणणारे बरेच लोक मला भेटतात.

आता हिशेब मिठाचा. तुमच्या पाण्यात लिटरमागे 1.8 ग्रॅम क्षार आहेत. हरभऱ्याच्या एका पाळीला 6 सेंटिमीटर पाणी धरलं, तर दोन पाळ्यांत एकरी 4 लाख 86 हजार लिटर पाणी गेलं आणि त्याबरोबर सुमारे 875 किलो क्षार. खताच्या पोत्यांच्या भाषेत 17-18 पोती. कांद्याच्या दहा पाळ्या 5 सेंटिमीटरच्या धरल्या तर एकरी 3.6 टन, म्हणजे 72 पोती. पाणी पिकाने प्यालं आणि उन्हाने उडालं, मीठ मात्र सगळं शेतातच राहिलं. पीक त्यातलं नगण्य उचलतं. म्हणून कुठल्याही खाऱ्या पाण्याबद्दल माझा पहिला प्रश्न पाणी किती खारं आहे हा नसतो. हे मीठ या शेतातून बाहेर कुठून जाणार, हा असतो. मुरमाड, उताराच्या जमिनीत 700 मिलिमीटर पाऊस ते धुऊन खाली नेतो. तुमच्याकडे खाली काय आहे? पूर्णेच्या खोऱ्यातला शेकडो मीटर जाडीचा गाळ, चिकणमातीचे थर, आणि भूजल मुळातच खारं. म्हणजे खालचं दार बंद आहे.

पण तुमच्या शेतातलं खरं दुखणं दुसरं आहे. ते सोडियमचं.

मातीचे चिकणकण ऋणभारित असतात. त्यांच्या अंगावर कॅल्शियम बसला की कण एकमेकांना धरून राहतात, रवाळ ढेकळं बनतात, मधून हवा-पाणी फिरतं. सोडियम बसला की कण सुटे होतात, फुगतात आणि बारीक छिद्रं बुजवतात. पाण्यात सोडियम किती आहे यापेक्षा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत किती आहे, हे म्हणूनच पाहावं लागतं. त्याला सोडियम शोषण गुणोत्तर म्हणतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या बेरजेचं निम्मं करा, त्याचं वर्गमूळ काढा आणि सोडियमला त्याने भागा. तुमचं: 2 अधिक 4 म्हणजे 6, निम्मं 3, वर्गमूळ 1.73, आणि 22 भागिले 1.73 म्हणजे 12.7. भारी काळ्या जमिनीसाठी हा आकडा वाईट आहे. पुस्तकात चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेल्या, जमिनीची व्याख्या विनिमययोग्य सोडियम (कणांच्या अंगावर बसलेल्यांतला सोडियमचा वाटा) 15 टक्क्यांच्या वर अशी असते, पण आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत 5-6 टक्क्यांपासूनच त्रास सुरू होतो. ही 15 ची रेषा बघून निर्धास्त राहू नका.

दुसरा आकडा याहून वाईट. कार्बोनेट-बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करा: 12 वजा 6, उरले 6. याला अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणतात. 1.25 पर्यंत निर्धोक, 2.5 पर्यंत जपून, त्यापुढे ओलिताला अयोग्य, अशी जुनी विभागणी आहे. तुमचं 6 आहे. याचा अर्थ असा की हे पाणी मातीत शिरलं की आपल्यातला आणि मातीतलाही कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसवतं, आणि रान सोडियमला मोकळं करून देतं. सामू चढतो, मग लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही. तुमच्या हरभऱ्याचा पिवळेपणा बहुधा यातलाच. त्याला युरिया घालून हिरवा करायचा प्रयत्न केला असेल, तर चढ्या सामूत त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून गेला असणार.

टीडीएसच्या एका आकड्यात यातलं काहीही दिसत नाही. 1800 टीडीएसचं दुसरं एखादं पाणी, ज्यात कॅल्शियमचे क्लोराइड-सल्फेट जास्त आहेत, ते कपाशीला बिनधास्त चालून जाईल. तुमचं 1800 जमीन मोडतं.

आता पहिल्या वर्षी काहीच का दिसलं नाही, आणि जूनच्या पावसातच का फुटलं? हे समजून घ्या. सोडियमने लडबडलेले कण खाऱ्या पाण्यात सुटे होत नाहीत. पाण्यातलं मीठच त्यांना दाबून एकत्र ठेवतं. म्हणून रब्बीभर तुम्ही बोअरचं पाणी देत होता, तेव्हा जमीन पाणी घेत होती. मग पाऊस आला. पावसाचं पाणी जवळजवळ शुद्ध. त्याने वरच्या थरातलं मोकळं मीठ खाली नेलं, पण कणांना चिकटलेला सोडियम तिथेच राहिला. दाबून ठेवणारं मीठ गेलं, सोडियम राहिला, आणि वरचे काही सेंटिमीटर पाण्यात विरघळून चिखलाचं लेपण झालं. वाळल्यावर तीच कडक पापडी. पाणी उभं राहिलं ते पाऊस जास्त झाला म्हणून नाही.

पटत नसेल तर घरी करून बघा. छपराचं स्वच्छ पावसाचं पाणी किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी एका काचेच्या ग्लासात घ्या, दुसऱ्यात बोअरचं. शेतातलं बोराएवढं वाळलेलं ढेकूळ दोन्हींत अलगद सोडा. हलवू नका. रात्रभर ठेवा. बोअरच्या पाण्यात ढेकूळ फुटेल, पण पाणी नितळ राहील. पावसाच्या पाण्यात ढेकळाभोवती दुधासारखी गढूळ कडा पसरली, तर तुमची माती चोपण झाली आहे. धुऱ्यापलीकडच्या, बोअरचं पाणी कधीच न लागलेल्या रानातलं ढेकूळही तिसऱ्या ग्लासात टाका. प्रयोगशाळेच्या कागदापेक्षा हे तीन ग्लास घरच्या माणसांना लवकर पटतात.

माझी चूक अशीच होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शेतकऱ्याने पाण्याची बाटली आणली. तेव्हा मी फक्त क्षारता आणि सामू मोजला, आकडा 2 च्या आसपास होता, आणि "कपाशी-गव्हाला चालेल" असं लिहून दिलं. त्यांनी तीन वर्षं मनापासून ओलित केलं. चौथ्या पावसाळ्यात ते मला शेत दाखवायला घेऊन गेले. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुडघ्याएवढी, पिवळी, आणि तासांमधून पाणी उभं. खोदलं तर वितीभर खाली माती कोरडी. वर चिखल, खाली धूळ. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हापासून बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम मोजल्याशिवाय मी ओलिताच्या पाण्याबद्दल मत देत नाही, आणि कोणी मागितलं तरी देणार नाही.

आता करायचं काय.

बोअर आणखी खोल नेऊ नका. आधी हेच सांगतो, कारण पुढचा खर्च बहुतेक तिथेच होतो. खारपाणपट्ट्याच्या मध्यभागात खोल गेल्याने गोडं पाणी लागल्याचं मी पाहिलेलं नाही. खारेपणा वाढल्याचं पाहिलंय. अचलपूर, चांदूर बाजारकडे गोड्या पाण्यावर संत्र्याच्या बागा उभ्या आहेत, त्या बघून आपल्याकडेही संत्रा लावायचा मोह होतो. ते सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी आहे, तुमचं नाही. पाइपला चुंबक लावून पाणी गोड करण्याचं यंत्र कोणी विकायला आलं, तर एकच विचारा: मीठ कुठे गेलं? चुंबकाने पाण्यातला एक ग्रॅमही क्षार कमी होत नाही.

तुमचं खरं पाणी पावसाचं आहे. चार एकरांत एक शेततळं घ्या. चोपण मातीतून पाणी फारसं झिरपत नाही, त्यामुळे आपल्या भागात बऱ्याच तळ्यांना प्लास्टिक अस्तराशिवाय पाणी टिकतं. फक्त ही माती पाण्याने विरघळते, म्हणून बाजू उभ्या कापू नका, चांगला ढाळ ठेवा, आणि पाणी आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या जागी दगडी पिचिंग करा, नाहीतर दोन पावसाळ्यांत काठ ढासळतात. तळ्यातल्या पाण्यावर हरभऱ्याला फुलं येण्याआधी एक आणि घाटे भरताना एक, अशी हलकी पाळी मिळाली तरी पुष्कळ. तुषार संच असेल तर त्यातही बचत होते. बोअरचं पाणी मात्र तुषारने पानांवर कधीही मारू नका. तुमच्या पाण्यात क्लोराइड 14 आहे आणि 3 च्या पुढेच नाजूक पानं भाजायला लागतात.

बोअर पूर्ण बंद ठेवता आला तर उत्तम. नाहीच जमलं, तर तो आणीबाणीचा समजा. पावसाने मोठा खंड दिला आणि पऱ्हाटी किंवा करडई हातची जायला लागली, तेव्हा एक पाळी, तीही पीक मोठं झाल्यावर. उगवणीला कधीच नाही. तळ्याचं पाणी थोडं असेल तर ते उगवणीसाठी राखा आणि मचूळ पाणी नंतर वापरा. दोन्ही एकत्र मिसळून सगळंच मध्यम खारं करण्यापेक्षा असं आलटून-पालटून देणं मला जास्त बरं वाटतं. ठिबकचं विचाराल: ठिबकाने मुळाजवळ ओल टिकते आणि मीठ ओलाव्याच्या कडेला ढकललं जातं, त्यामुळे पीक तरतं. पण सोडियम जमिनीत जायचा तो जातोच, आणि तुमच्या बायकार्बोनेटने तोट्या चुन्याने बुजतील. शिवाय कडेचं मीठ पहिल्या हलक्या सरीबरोबर परत मुळाकडे येतं.

वापरलेल्या प्रत्येक पाळीला जिप्समचं, म्हणजे कॅल्शियम पुरवणाऱ्या खनिजाचं, कर्ज असतं, हे लिहून ठेवा. अवशिष्ट कार्बोनेट 1 मिलीइक्विव्हॅलंटने उतरवायला 10 लाख लिटर पाण्यामागे 86 किलो शुद्ध जिप्सम लागतं. तुमचं 6 वरून 2.5 वर आणायचं तर 3.5 गुणिले 86, म्हणजे 301 किलो. हरभऱ्याच्या त्या दोन पाळ्यांपुरतं एकरी साधारण 146 किलो, आणि बाजारातलं जिप्सम 80 टक्के शुद्ध धरलं तर 180 किलोच्या पुढे. हे फक्त नव्या पाण्याचं. आधीच जमिनीत बसलेल्या सोडियमसाठी वेगळा डोस, आणि तो माती परीक्षणातल्या जिप्समच्या गरजेवरूनच ठरवायचा. तो आकडा बहुधा एकरी दोन टनांच्या पुढे निघतो आणि एकदम परवडत नाही. मी एकरी एक टनाने सुरुवात करून तीन वर्षांत विभागायला सांगतो.

आणि वेळ पाळा. जिप्सम मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, पहिल्या मोठ्या पावसाआधी फेकून वखराने वरच्या 10 सेंटिमीटरमध्ये मिसळा. ते खोल नांगरून गाडू नका. पहिला पाऊस त्यातून मुरताना थोडा कॅल्शियम घेऊनच मुरतो, त्यामुळे कण सुटत नाहीत आणि हटलेल्या सोडियमला खाली जायला वाट मिळते. हेच जिप्सम ऑक्टोबरमध्ये पेरणीच्या घाईत टाकलं, तर पावसाचं पाणी निघून गेलेलं असतं. गंधकही चालतं, आपल्या जमिनीत चुनखडी असल्याने तिच्यातूनच कॅल्शियम सुटतो, आणि 1 किलो गंधक सुमारे 5.4 किलो जिप्समचं काम करतं. पण ते जिवाणूंच्या मार्फत होतं, त्याला ओल, ऊब आणि काही महिने लागतात. यंदाच्या पापडीवर मला जिप्समच हवं.

सोडियम सुटला तरी तो वाहून जायला हवा. रुंद वरंबा-सरीवर पेरा, किंवा निदान दर काही तासांनी मृत सरी काढा आणि सगळ्या सऱ्या एका चरात, चर नाल्यात उतरवा. चर धुऱ्याशीच संपला तर उपयोग नाही. शेजाऱ्याशी बोलून ते पाणी पुढे न्यावं लागेल, आणि खारपाणपट्ट्यात हे एकट्याचं काम नाही. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड उसाच्या जमिनी जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांनी सुधारल्या आहेत. तिथलं नदीचं पाणी मुळात चांगलं होतं, अतिपाण्याने भूजल वर आलं आणि मीठ वर फुटलं. तुमच्या सपाट, चिकण, खाली खारं पाणी असलेल्या रानात ते जसंच्या तसं उचलून लावायला मी सांगणार नाही.

खरिपात एका एकरात धैंचा हे हिरवळीचं खत पेरा आणि दीड महिन्याने गाडा. शेणखत असेल तेवढं त्याच एकरात टाका, चार एकरांत भुरभुरू नका. नत्र युरियाऐवजी अमोनियम सल्फेटमधून द्या, झिंक सल्फेट पेरणीबरोबर. रब्बीत दोन वर्षं करडई आणि कोरडवाहू हरभरा, तोही पावसाच्या ओलीवर. खारपाणपट्ट्यातली जुनी माणसं हेच करत आली, ती काही पाणी परवडत नव्हतं म्हणून नाही. विहिरी त्यांनीही खणल्या होत्या, आणि ओलित करून सोडून दिलं होतं. गहूच घ्यायचा असेल तर कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने केआरएल 210 सारखे क्षार सोसणारे वाण काढले आहेत, तसाच हरभऱ्यात करनाल चना 1 आहे. बियाणं मागवण्याआधी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तुमच्या भागासाठी ते घ्यावेत का, हे विचारा. आणि खारेपणा सोसणारं वाणही पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मातीत गुदमरतंच. कपाशीच्या त्या 7.7 या आकड्याचंही तेच. तो आकडा मिठाचा आहे, चिखलाचा नाही.

नमुने पुन्हा घ्या. पंप अर्धा तास चालू ठेवून, त्याच पाण्याने तीनदा विसळलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत काठोकाठ भरून, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. मातीचे नमुने वरच्या थराबरोबर 30, 60 आणि 90 सेंटिमीटरपर्यंतचे, वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि कांद्याच्या रानातले वेगळे. तिथे हरभऱ्याच्या चौपट मीठ पडलंय. विनिमययोग्य सोडियम आणि जिप्समची गरज हे दोन शब्द अर्जावर लिहून मागा, नाहीतर नेहमीचं नत्र-स्फुरद-पालाशचं कार्ड हातात पडेल. तीन ग्लासांत काय दिसलं तेही त्याबरोबर कळवा. कांद्याच्या एकराला किती जिप्सम आणि किती वर्षं, ते मी त्यावरून सांगेन.